नाण्याचे मोल आणि नाण्याची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय मी स्वतः निवडलेला नाही. तो मला गाडीत मिळाला. काही महिन्यांपूर्वी डहाणू लोकलने बोईसरला येत असता समोरच्या बाकावर एक गृहस्थ भेटले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे नोकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मला नाण्यांचा नाद आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली; तिच्यात वैष्णोदेवीची छबी असलेली पाच रुपयांची तीन नाणी होती. "ही लाखांना जातात म्हणे," ते म्हणाले, "आणि फंडातले दोन लाख मी बाजूला ठेवलेत. कोणती नाणी घेऊन ठेवू म्हणजे नातीच्या शिक्षणाच्या वेळी दामदुप्पट होतील, तेवढे सांगा."

प्रश्न सरळ होता. पण सफाळ्यापासून बोईसरपर्यंतच्या वेळात त्याचे सरळ उत्तर देणे मला जमले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो. पैशाच्या दृष्टीने नाण्यांकडे पाहणे हे खऱ्या छांदिष्टाला कमीपणाचे वाटते, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्याने आयुष्यभर राबून दोन पैसे जोडले, त्याने ते कोठे घालावे असे विचारले तर नाक मुरडण्याचे काही कारण नाही. तेव्हा प्रश्न जसा आला तसाच घेऊ: कोणत्या नाण्याचे मोल काळाबरोबर वाढते, आणि का?

लाखांच्या गोष्टी

प्रथम त्या पुरचुंडीचा निकाल लावू. वैष्णोदेवीची ती नाणी २०१२ सालची. सरकारने ती स्मरणार्थ काढली आणि बाजारात खेळवली. आजही ती कोणाच्या ना कोणाच्या गल्ल्यात सापडतात. जी वस्तू पानवाल्याकडून सुट्ट्या पैशांत परत मिळते, तिला कोणी लाख रुपये का मोजील? मग या जाहिराती कोण देतो? त्यांचा डाव ठरलेला असतो. नाण्याचा फोटो पाठवा म्हणतात. मग नोंदणीची फी, मग कर, मग दलाली. दर वेळी रक्कम आपल्या खात्यातून जाते, लाख मात्र येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही असा वापर होऊ लागला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर सूचना काढावी लागली की, जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही. या बाबतीत एकच खूण ध्यानात ठेवावी: खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.

जुने ते सोने नव्हे

दुसरा समज याहून जुना आणि अधिक प्रतिष्ठित आहे. नाणे जितके जुने तितके मोलाचे, असे आपण धरून चालतो. हे किती फोल आहे ते आपल्याच परिसरात पाहता येते.

येथून हाकेच्या अंतरावरील चिंचणीस जे ताम्रपट सापडले, त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळी संजाणचा कारभार महंमद नावाचा एक अरब अधिकारी पाहत होता, असे तो सांगतो. संस्कृतात त्याचे नाव 'मधुमति' असे झाले आहे. याच गावच्या दुसऱ्या एका ताम्रपटात जमिनीचे भाडे 'द्रम्म' या नाण्यांत ठरवल्याचा उल्लेख येतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर चांदीचे नाणे चांगलेच खेळत होते. त्या शतकांत पश्चिम भारतात चाललेल्या नाण्यांत 'गधैया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाण्यांचा मोठा वाटा होता. मूळ इराणच्या सासानी राजांचे नाणे: एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस अग्निवेदी. त्याची नक्कल, नकलेची नक्कल, असे होता होता मुखाचे झाले ठिपके आणि वेदीच्या झाल्या रेघा. इतका मोठा इतिहास अंगावर वागवणारे हे नाणे आजही साध्या अवस्थेत काही शे रुपयांत मिळते. कारण उघड आहे. ती अमाप पाडली गेली, जमिनीत अमाप पुरली गेली आणि घडेच्या घडे वर येत राहिले.

जमिनीतून येणारा घडा काय करतो याचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातले आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. एका ठिकाणी १३,२५० हून अधिक नाणी! त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. इतिहासाच्या दृष्टीने तो निधी अनमोल ठरला. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला याचा असा पुरावा क्वचितच मिळतो. परंतु त्या आदल्या दिवशी ज्याच्या पेटीत नहपानाचे एकुलते एक नाणे असेल, त्याच्या पेटीतली दुर्मिळता मात्र एका कुदळीच्या घावाने संपली. प्राचीन नाण्यांत पैसा गुंतवणाऱ्याने हे भय कायम जवळ बाळगले पाहिजे. आज दुर्मिळ असलेले नाणे उद्याही दुर्मिळ राहील, याची हमी जमीन देत नाही.

तराजूची दोन पारडी

मग मोल ठरते कशाने? बाजाराच्या इतर मालाचे ठरते त्यानेच. एका पारड्यात किती नाणी उरली आहेत हे, आणि दुसऱ्या पारड्यात ती किती जणांना हवी आहेत हे. यातील 'उरली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. टांकसाळीत पडली किती याला फारसे महत्त्व नाही; आज हयात किती आहेत याला आहे.

पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये घ्या. १९१८ साली पहिल्या महायुद्धामुळे हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची एवढी मागणी वाढली की, इंग्रज सरकारला अमेरिकेकडे हात पसरावे लागले. अमेरिकेने कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी इकडे आली. त्या वर्षी मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी प्रत्येकी वीस कोटींहून अधिक रुपये पाडले. म्हणूनच १९१८ चा रुपया आज आपल्या आजीच्या डब्यात हटकून निघतो. त्याचा भाव म्हणजे चांदीचा भाव आणि वर थोडेसे. त्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. चांदी वाढली की तो वाढतो. पण ती वाढ नाण्याची नव्हे, चांदीची! चांदीच हवी असेल तर ती सराफाकडून वजनावर घेणे अधिक सोपे.

आता १९३९ चा रुपया पाहा. तोही लाखांच्या संख्येने पडला. परंतु दुसरे महायुद्ध आले, १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी ठेवण्यात आली, जुने चांगल्या चांदीचे रुपये सरकारने परत घेतले, आणि १९३९ चे बहुतेक सारे रुपये आटवले गेले. जे थोडे निसटले त्यांच्यासाठी आज संग्राहक भांडतात. दिसायला १९३८ आणि १९३९ चे रुपये सारखेच. फरक एका आकड्याचा आणि किमतीत अनेक पटींचा.

याच्या उलट १९११ चा रुपया. बादशहाच्या झग्यावर हत्तीचे चिन्ह होते. पण त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली आणि नाणे मागे घेण्यात आले. पडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख नाणी बाहेर गेली होती. 'डुकराचा रुपया' म्हणून त्याची गोष्ट घरोघर पसरली. पण गोष्ट पसरली म्हणूनच लोकांनी तो हौसेने जपून ठेवला, आणि जपलेली वस्तू नाहीशी होत नाही. त्यामुळे गोष्टीच्या मानाने तो रुपया आज बऱ्यापैकी सुलभ आहे. गोष्ट ऐकून नाणे घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, गोष्ट आपल्या आधी हजारांनी ऐकलेली असते.

आता दुसरे पारडे: मागणी. आपल्याकडे म्हण आहे, 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा'. कथील म्हणजे हलकी वस्तू, हे आपण गृहीत धरतो. पण पोर्तुगिजांनी गोवा, दमण, वसई येथे आणि पुढे मुंबईस इंग्रज कंपनीने बाजारच्या खुर्द्यासाठी कथलाची व तत्सम हलक्या धातूंची नाणी पाडली. १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तेथे पडले, आणि मे महिन्यात वसई पडली. त्या काळी या बंदरांतल्या कोळणीच्या हाती असाच खुर्दा खुळखुळत असला पाहिजे. धातू मऊ, झिजून जाणारा, सहज वितळणारा. म्हणून ही नाणी फार थोडी उरली. ती खरी दुर्मिळ आहेत. परंतु ती ओळखणारे आणि हवीशी वाटणारे लोकही थोडेच. त्यामुळे त्यांचा भाव हळू चढतो आणि विकायला निघालो तर गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागते. शिवछत्रपतींच्या होनाचे तसे नाही. होन मोजकेच उरले, आणि मराठी माणसांत त्याची इच्छा न धरणारा संग्राहक विरळा. दोन्ही पारडी एकाच बाजूस झुकली की किमतीला पारावार राहत नाही. आणि नेमके तेथेच खोट्या मालाचेही पीक येते.

झीज, मळ आणि चिंच

तिसरी गोष्ट नाण्याच्या अवस्थेची. एकाच सालचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये शेजारी ठेवा. एक हातोहात फिरून गुळगुळीत झालेला, दुसरा टांकसाळीतून निघाल्यावर कोणाच्या पेटीत निजलेला. दोघांच्या किमतीत दुपटीचा नव्हे, कधी कधी दसपटीचा फरक पडतो. कारण झिजलेले नाणे पुष्कळ असते, न झिजलेले थोडे.

या बाबतीत माझ्या हातून घडलेला अपराध सांगतो. आजीच्या डब्यात राणी छापाचे सोळा रुपये होते. काळसर पडलेले, पण मुद्रा ठसठशीत. मी तरुण वयात उत्साहाने ते चिंच आणि राखेने घासून लखलखीत केले. आजीही खूश झाली. पुढे मुंबईत एका जाणत्या व्यापाऱ्यासमोर ते मांडले, तेव्हा त्याने भिंग लावले, एकेक उलटून पाहिला आणि शांतपणे ते वजनाच्या काट्यावर ठेवले. मी समजलो. जे काळे पुट मी मळ म्हणून काढले, ते चांदीवर शंभर वर्षांनी चढवलेले पांघरूण होते. आणि राखेने पडलेले बारीक ओरखडे आता कोणीही काढू शकत नाही. तेव्हा नियम एकच: नाणे घासू नये. चिंच नको, लिंबू नको, रिठा नको, भांड्यांची पूड तर नकोच. ज्या रुपयाला दागिन्यात ओवण्यासाठी कधी काळी कडी जोडली गेली, त्याचेही मोल असेच जाते. कडी काढली तरी डाग राहतो.

आपण किनाऱ्यावर राहतो म्हणून आणखी एक खबरदारी. सातपाटी-केळव्यापासून डहाणूपर्यंतची हवा दमट आणि खारट आहे. तांब्याच्या नाण्यावर खाऱ्या दमटपणाने फिकट हिरवी भुकटी सुटू लागली की ती नाणे पोखरत जाते. नाणी लाकडी पेटीत, रबरात वा मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. असले प्लॅस्टिक कालांतराने चिकट हिरवा द्रव सोडते. कडक पारदर्शक डबी, सोबत दमटपणा शोषणाऱ्या पुड्या, आणि नाणे धरताना बोटे नेहमी कडेला.

ठसा ओळखणारे डोळे

चौथी गोष्ट खऱ्या-खोट्याची. आणि येथे आपल्या भागातील लोकांना एक नैसर्गिक लाभ आहे. चिंचणी, तारापूर, वरोर, डहाणू या पट्ट्यातील डायमेकिंगचा धंदा आपल्या परिचयाचा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, आणि त्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबून दागिन्याचा भाग काढायचा. नाणे याहून वेगळे काय आहे? दोन डाय, मध्ये धातूची चकती आणि वरून घाव किंवा दाब. ज्याने घरात वडिलांना डाय कोरताना पाहिले आहे, त्याला दाबून उमटलेली रेघ आणि ओतून आलेली रेघ यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

खोटी नाणी बहुधा ओतीव असतात. त्यांची अक्षरे मेणासारखी मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, कडेला साच्याच्या जोडाची रेघ आढळते. आणि आपली भाषाच सांगते की नाणे खणखणीत वाजले पाहिजे. ओतीव नाणे बद्द वाजते. मात्र मौल्यवान नाणे फरशीवर आपटून पाहू नका! वजनाचा छोटा काटा आणि दहा पट मोठे दाखवणारे भिंग एवढ्यावर निम्मे काम होते. चुंबकाला चिकटणारा 'चांदीचा' रुपया म्हणजे आत लोखंड, हे तर शाळकरी मुलालाही कळेल.

फसवणुकीचे आणखी तीन प्रकार सांगतो. पहिला, खऱ्या नाण्यातच फेरफार: १९३८ च्या रुपयाचा ८ कोरून ९ करायचा. भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतालची जमीन पाहिली की कारागिरी उघडी पडते. दुसरा, कधीच अस्तित्वात नसलेले नाणे: एका बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८', दुसऱ्या बाजूस रामपंचायतन किंवा मारुती. कंपनीने मद्रासेस विष्णूची मूर्ती असलेले होन पाडले हे खरे. पण हे १८१८ चे देवादिकांचे नाणे तिने कधी पाडले नाही. ती अलीकडची खेळणी आहेत; पूजेत ठेवा, पेढीत ठेवू नका. तिसरा प्रकार फसवणूक नव्हे, पण अजाण माणूस त्यात फसतो. १८३५ च्या दुहेरी मोहरेसारखी काही नाणी संग्राहकांच्या मागणीवरून सरकारी टांकसाळीनेच नंतर पुन्हा पाडली. टांकसाळ खरी, ठसा खरा, साल मात्र त्या सालचे नव्हे. मूळ नाणे आणि हे पुनर्मुद्रित नाणे यांच्या किमती अर्थातच एक नाहीत.

अलीकडे पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतील संस्था नाणे तपासून, त्याच्या अवस्थेला सत्तरपैकी गुण देऊन, बंद डबीत घालून देतात. भारी नाण्याच्या बाबतीत याचा उपयोग आहे. पण डब्याही खोट्या निघू लागल्या आहेत. म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा, आणि तरीही डबीपेक्षा आतले नाणे आधी पाहावे.

थोडा हिशेब

आता दामदुपटीकडे वळू. समजा, आपण दहा हजारांना एक चांगले नाणे घेतले आणि दहा वर्षांनी त्याचा भाव वीस हजार झाला. दुप्पट झाले खरे. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल चक्रवाढीने सुमारे ७.२ टक्के. विकताना लिलावगृहाने वा व्यापाऱ्याने १५ टक्के कापले तर हाती येतात सतरा हजार. म्हणजे दरसाल सुमारे ५.५ टक्के. मध्यंतरी नाणे व्याज देत नाही, भाडे देत नाही, आणि मुलगी आजारी पडली तर मध्यरात्री मोडता येत नाही. हे उत्तम नाण्याचे झाले. वाईट नाण्याचा भाव दहा वर्षांनीही दहा हजारच राहतो, किंवा ते खोटे निघाले तर शून्य.

विकत घेतानाचा आणि विकतानाचा भाव यांतले हे अंतर नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. दुकानातल्या पाटीवरचा भाव हा विकणाऱ्याची इच्छा सांगतो. लिलावात पडलेला हातोडा खरी किंमत सांगतो. म्हणून कोणतेही नाणे घेण्यापूर्वी गेल्या चार-पाच वर्षांत तशाच अवस्थेतली तशी नाणी लिलावात कितीला गेली, ते पाहून घ्यावे. मुंबईच्या लिलावगृहांच्या याद्या आता घरबसल्या पाहता येतात. एके काळी त्यासाठी फोर्टात खेपा घालाव्या लागत.

मग निवडावे काय?

एक शाखा निवडा आणि तिच्यातच राहा. सगळ्या राजवटींची दोन-दोन नाणी जमवणारा माणूस प्रत्येक व्यवहारात विकणाऱ्यापेक्षा कमी जाणतो. एकाच शाखेत पाच वर्षे घालवणारा हळूहळू त्याच्याइतकाच जाणू लागतो. आणि किंमत वाढण्याचा खरा उगम येथे आहे. जे नाणे विकणाऱ्याने ओळखले नाही आणि आपण ओळखले, तेच आपल्याला स्वस्त मिळते.

उदाहरणार्थ शिवराई. हा तांब्याचा पैसा पेशवाई संपेपर्यंत आणि नंतरही चालत राहिला, म्हणून साधी शिवराई थोड्या पैशांत मिळते. पण डाय मोठी आणि चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे बहुतेक नाण्यांवर अर्धवटच उतरतात. ज्या शिवराईवर दोन्ही बाजूंची सारी अक्षरे चकतीच्या मधोमध बसली आहेत, ती दहा साध्या शिवरायांपेक्षा अधिक टिकाऊ खरेदी. अक्षरांच्या वळणांचे आणि ठिपक्यांचे असंख्य भेद आहेत. त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. मराठ्यांच्या टांकसाळींवर महेश्वरी आणि विगिन्स यांचा १९८९ सालचा ग्रंथ आहे; एक भारी नाणे कमी घ्यावे, पण असा ग्रंथ आधी पाहावा.

ज्याची ऐपत याहून लहान आहे, त्याने स्वतंत्र भारताची नाणी घ्यावीत. १९५० ची आण्यांची मालिका, १ एप्रिल १९५७ पासूनचे नवे पैसे, १९६४ मध्ये 'नवे' गळाल्यानंतरचे पैसे. सालाखालची खूण पाहण्याची सवय लावावी: चौकटीसारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि खूण नसली तर कलकत्त्याचे. एकाच सालात एका टांकसाळीची नाणी ढिगाने आणि दुसरीची मोजकीच पडलेली असतात. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्यांतली किती भंगारात आटली याचा अंदाज बाजाराला हळूहळू येत आहे. येथे चूक झाली तरी नुकसान चहाच्या खर्चाएवढे. आणि डोळा मात्र तयार होतो.

पाहायला जायचे तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीस १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. खरे नाणे शंभर वेळा पाहिल्यावाचून खोटे ओळखू येत नाही.

नाणे कोठले?

शेवटची गोष्ट कायद्याची आणि सचोटीची. पण ती मोलाचीही आहे. नांगरताना वा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे, असा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. सरकारने ती घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. धातूच्या किमतीवर बेतलेले हे बक्षीस अपुरे आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच सापडणारा माणूस गुपचूप सोनाराकडे जातो आणि मडके एका रात्रीत मुशीत आटते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ते परदेशी नेता येत नाही. म्हणजे त्याचा बाजार हिंदुस्थानापुरताच, हेही गुंतवणाऱ्याने हिशेबात धरावे.

याच जिल्ह्यातील सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आतल्या अवशेषांबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे निघाले. तसे नाणे अन्यत्र मिळाले असते तर ते एक बरे नाणे ठरले असते. पण ते त्या जागी मिळाले म्हणून स्तूपातला तो ठेवा कोणत्या काळाच्या आधीचा नाही, हे कळले. जागा हरवली असती तर साक्षही हरवली असती. बाजारातसुद्धा हेच खरे आहे. कोणाच्या संग्रहातून आले, कोणत्या लिलावात विकले गेले, पावती कोठे आहे, हे सांगता येणारे नाणे अनामिक नाण्यापेक्षा नेहमी जास्त भावाने जाते. म्हणून प्रत्येक नाण्यासोबत एक कागद ठेवा: कधी, कोणाकडून, कितीला घेतले, आणि का. 'का' लिहिता येत नसेल तर ते नाणे घेऊ नका.

त्या गृहस्थांची आणि माझी पुढे पुन्हा भेट झाली. मी त्यांना सांगितले, "दोन लाख पोस्टात ठेवा; ते नातीचे आहेत. दर महिन्याला पाचशे रुपये तुमचे. त्यांतून आधी एक भिंग, मग एक पुस्तक, मग एक शिवराई घ्या. आणि ते पाच रुपये चहाला खर्च करा." ते हसले. त्यांतली दोन नाणी त्यांनी खर्चली. तिसरे देवघरात ठेवले, आणि ते योग्यच झाले. परवा त्यांनी मला एक शिवराई दाखवली. 'छत्रपति'मधला 'ति' चकतीबाहेर गेला होता, तो त्यांनी मी सांगण्याआधीच ओळखला. त्यांच्या नाण्याचा भाव अजून वाढलेला नाही. पण पारख वाढू लागली आहे. आणि नाण्याच्या व्यवहारात आधी पारख वाढते, मोल मागाहून येते.